घडी आणि ट्रेसिंगचा कागद

कागदाच्या घड्या हा काय व्याख्यानाचा विषय आहे, अशी शंका श्रोत्यांपैकी कित्येकांच्या मनात आली असेल, आणि ती रास्तच आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी होडी केली आहे, वर्गात विमान उडवून छडी खाल्ली आहे, आणि वाण्याच्या दुकानात वर्तमानपत्राच्या चिटोऱ्याची पुडी पाहता पाहता वळली जाताना पाहिली आहे. तेव्हा घडी कोणास ठाऊक नाही? परंतु आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या खेळाच्या बऱ्याच वरच्या मजल्याविषयी. एकाच चौकोनी कागदातून, कात्री न लावता आणि डिंकाचे बोटही न लावता, सहा पायांचा, दोन मिशांचा, पाठीवर पंखांचे कवच असलेला भुंगा तयार होतो. तो कसा होतो, आणि त्यासाठी कागद कोणता घ्यावा, एवढाच आजचा विषय आहे. त्यातही मुख्यतः एका कागदाविषयी: घरांचे आणि यंत्रांचे नकाशे काढणारे लोक वापरीत आले तो ट्रेसिंगचा कागद.

हा कागदच का निवडला ते आधी सांगतो. हौसेने या नादाला लागलेली पुष्कळ माणसे दुसऱ्या-तिसऱ्या कठीण आकृतीशी थांबतात. पाय फाटतो, कोपरा जुळत नाही, शेवटच्या घडीपाशी कागदाचा गठ्ठा होतो. मग तो मनुष्य म्हणतो, ‘आमची बोटेच जाड, हे आमचे काम नव्हे.’ आम्ही स्वतः दोन वर्षे हेच म्हणत होतो. बोटांचा दोष असतो, नाही असे नाही. पण दहांतील सात वेळा दोष कागदाचा असतो, आणि तो कागद आपल्याला काही सांगत नाही. ट्रेसिंगचा कागद सांगतो. त्याच्या या बोलकेपणाचे कारण त्याच्या घडणीतच आहे, आणि ते समजले म्हणजे त्याचे गुण आणि अवगुण दोन्ही एकाच मुळाशी आहेत हे ध्यानात येते.

‘ओरिगामी’ हा शब्द जपानी. ‘ओरी’ म्हणजे घडी घालणे आणि ‘कामी’ म्हणजे कागद. जपानात १७९७ मध्ये या विषयावर एक पुस्तक छापले गेले. त्यात एकाच कागदाला चिरा देऊन एकमेकांना चिकटलेले अनेक करकोचे कसे करावेत, हे दाखवले आहे. हे करकोचे चोचीच्या किंवा पंखाच्या टोकापाशी कागदाच्या अगदी बारीक धाग्याने जोडलेले राहतात. आपल्या वहीच्या कागदाने तो खेळ करून पाहावा; दुसऱ्याच करकोच्याला सांधा तुटतो. जपानी हातकागद कोझो नावाच्या झाडाच्या सालीपासून होतो. त्याचे तंतू सेंटिमीटरभर लांब असतात, आणि आपल्या नेहमीच्या कागदातील लाकडाचे तंतू एक ते तीन मिलिमीटरचे. ही कला जपानात वाढली याला तेथील माणसांची चिकाटी कारण असेलच, पण तेथील झाडाची सालही कारण आहे, असे आमचे मत आहे.

आधुनिक काळात अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी या खेळाला कलेची प्रतिष्ठा दिली. १९५२ मध्ये एका जपानी साप्ताहिकात त्यांची प्राणिचित्रे, म्हणजे घड्यांचे प्राणी, प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव झाले. १९५४ च्या पुस्तकात त्यांनी तुटक रेघा आणि बाण यांची जी लिपी वापरली, ती पुढे १९६१ मध्ये अमेरिकेतील सॅम्युएल रॅन्डलेट यांच्या पुस्तकातून थोड्या फेरफाराने जगभर गेली. त्यामुळे आज जपानी अक्षर न वाचता येणारा मनुष्यही जपानी पुस्तकावरून घड्या घालू शकतो. मराठी वाचकांना या छंदाची गोडी लावणाऱ्यांत डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२) यांचे नाव ठळक आहे. त्यांच्या हातून हत्ती आणि उंदीर होताना पाहिलेले कित्येक श्रोते येथे असतील.

आता भुंग्याकडे येऊ. करकोच्याला टोके किती लागतात? चोच, शेपूट आणि दोन पंख, मिळून चार. चौकोनाला कोपरे चार. म्हणून करकोचा सोपा. भुंग्याला सहा पाय, दोन मिशा, डोके आणि पोट पाहिजे. कोपरे तर चारच. मग बाकीची टोके आणावयाची कोठून? ती कागदाच्या कडेवरून आणि पोटातून काढावी लागतात. येथे हिशेब येतो. कागदातून अमुक लांबीचे टोक काढावयाचे, तर तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ कागदावर त्या टोकासाठी राखून ठेवावे लागते. टोक कोपऱ्यावर असेल तर वर्तुळाचा चतकोर पुरतो, कडेवर असेल तर अर्धे लागते, आणि मध्यभागी असेल तर सबंध वर्तुळ द्यावे लागते. म्हणजे चौकोनात वर्तुळे दाटीने बसवण्याचे हे कोडे आहे. पेटीत आंबे रचतात तसे. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट लँग आणि जपानमधील तोशियुकी मेगुरो यांनी ही रीत स्वतंत्रपणे शोधली, आणि त्यानंतर कीटकांना जणू बहर आला. लँग यांनी २००१ मध्ये नोकरी सोडून हाच व्यवसाय धरला आणि २००३ मध्ये या शास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला.

रीत सापडली, पण कागद तोच राहिला. मध्यभागातून काढलेल्या पायात सबंध वर्तुळाचा कागद गुंडाळावा लागतो, म्हणून तेवढ्याच लांबीच्या कोपऱ्यावरच्या पायापेक्षा त्यात थर सुमारे चौपट होतात. समजा, एका पायात बत्तीस थर आले. कार्यालयात छपाईला वापरतात तो ८० ग्रॅमचा कागद, म्हणजे ज्याचा एक चौरस मीटर ८० ग्रॅम भरतो तो, सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो. बत्तीस थरांचे ३.२ मिलिमीटर झाले. आणि पाय असावयाचा तीन मिलिमीटर रुंद! रुंदीपेक्षा जाडी जास्त. त्याला पाय म्हणावे की सरपणाची मोळी? शिवाय बाहेरच्या थराला आतल्या सगळ्या थरांना वळसा घालून जावे लागते, म्हणून तो ताणतो आणि फाटतो. येथेच ‘आमची बोटे जाड’ हे वाक्य तोंडातून बाहेर पडते.

पातळ कागद घ्यावा तर पतंगाचा कागद आठवतो. तो पातळ खरा, पण त्याला घडी लक्षात राहत नाही. दुमडली तेवढ्यापुरती दुमडते आणि हात काढला की सैल पडते. पाहिजे तो कागद पातळ हवा, ओढ सोसणारा हवा, आणि एकदा घातलेली घडी विसरणारा नको. ट्रेसिंगचा पातळ कागद, ४० ग्रॅमच्या आसपासचा, या तिन्ही कसोट्यांना बऱ्याच अंशी उतरतो. त्याची जाडी मिलिमीटरचा सुमारे ०.०३५ भाग, बत्तीस थर म्हणजे अवघे १.१ मिलिमीटर. नुसत्या वजनाच्या हिशेबाने यापेक्षा जास्त जाडी यावयास हवी होती. ती का आली नाही, हे पाहण्यासाठी भज्यांच्या दुकानात जावे लागेल.

भजी बांधून दिलेला वर्तमानपत्राचा तुकडा उजेडात धरा. तेलाचे डाग पडलेल्या जागी कागद आरपार दिसतो. का? कागदाचे तंतू मुळात पांढरे नसतातच. ते काचेसारखे स्वच्छ असतात. कागद पांढरा दिसतो तो तंतूंच्या मधल्या हवेमुळे. उजेड तंतूतून हवेत, हवेतून पुन्हा तंतूत असा ठेचकाळत जातो आणि विखुरतो. तेलाने ही हवा हाकलली की उजेड सरळ पार जातो. पूर्वी ट्रेसिंगचा कागद असा तेल पाजूनच करीत. पुढे कारखानदारांनी दुसरी युक्ती काढली. कागदाचा लगदा ते पाण्यात इतका वेळ कुटतात, की तंतू फुगतात, त्यांची टोके पिंजून निघतात आणि वाळताना ते एकमेकांना गच्च मिठी मारतात. मध्ये हवेला जागाच उरत नाही. म्हणून हा कागद आरपार, म्हणून वजनाच्या मानाने पातळ, आणि म्हणूनच खुळखुळ वाजणारा व कडक.

आता या कागदाला घडी घाला. घडीच्या जागी एक पांढरी रेघ उमटते. ही शाईची रेघ नव्हे, ती हवेची रेघ आहे. घडी घालताना तंतूंची मिठी त्या ओळीपुरती सुटते, फटीत हवा शिरते आणि तेवढी जागा पांढरी होते. नवशिक्याला ही रेघ म्हणजे केवढा आधार! साध्या कागदावर पन्नास घड्या घातल्यावर कोणती खरी आणि कोणती चुकून पडलेली ते कळत नाही. येथे प्रत्येक घडीची नोंद आपोआप होते, आणि ती दोन्ही बाजूंनी वाचता येते. दुसरा लाभ आम्हांला त्याहून मोठा वाटतो. कोपरा एखाद्या खुणेवर आणून टेकवावयाचा असला, की साध्या कागदात नेमका तोच कोपरा त्या खुणेला झाकून टाकतो आणि आपण अंदाजाने हात चालवतो. येथे खूण खालून दिसतच राहते. अर्ध्या मिलिमीटरची चूक पहिल्या घडीला दिसली तर सुधारता येते. तिसाव्या घडीला तीच चूक पायाची लांबी खाऊन टाकते.

तिसरा लाभ थर मोजण्याचा. तयार आकृती खिडकीसमोर धरली, की एकेरी भाग उजळ, दुहेरी मंद, चौपदरी काळसर असा आतला सगळा कारभार दिसतो. लोंबलेला पाय का लोंबला, गठ्ठा कोठे झाला, हे वैद्याने नाडी पाहावी तसे कळते. जाळीसारख्या घड्यांच्या आकृती, ज्यांत जपानमधील शिक्षक शूझो फुजिमोतो यांनी फार मोलाचे काम केले, त्या तर अशा आरपार कागदातच पाहाव्यात. समोरून साध्या दिसतात. मागे दिवा ठेवला की थरांची चांदणी उमटते.

परंतु ज्या गच्च मिठीमुळे हे सगळे साधते, तीच मिठी घात करते. साध्या कागदात तंतूंना थोडे सरकावयास जागा असते. येथे ती नाही. मोदकाची उकड नीट मळली नसली, म्हणजे मुखऱ्या घेताना पारीला चिरा पडतात, हे येथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नको. ट्रेसिंगच्या कागदाचे तसेच होते. एक घडी एकदा घातली, ठीक. तीच उलटी केली, तरी ठीक. तिसऱ्या-चौथ्यांदा उलटसुलट केली, की रेघ पांढरीची मऊ होते आणि मग एके ठिकाणी उकलते. अनेक घड्या जेथे एका बिंदूत मिळतात तेथे तर टाचणीने टोचल्यासारखे भोक पडते. जाड कागद, ९० ग्रॅमचा, या बाबतीत अधिकच वाईट. तेव्हा नकाशांच्या कामातून उरलेला जाड ताव मिळाला म्हणून हुरळून जाऊ नये.

यावर उपाय हात हलका ठेवण्याचा. नखाने घडी करकचून दाबण्याची सवय आपल्याला होडी-विमानाने लावलेली असते, ती सोडावी. जेथे घडी लागणार तेवढ्याच भागात घालावी, सवयीने या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढू नये. सर्वांत उत्तम म्हणजे कागदाला त्याच्या मूळ धंद्यात परत न्यावे. घड्यांचा नकाशा खाली ठेवावा, वर ट्रेसिंगचा कागद टाचावा, आणि शाई संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने पट्टीवरून हलकेच रेघा ओढाव्यात. त्या रेघेवर कागद आपण होऊन वळतो. एकही चाचपडती घडी पडत नाही आणि कागदाचे आयुष्य वाचते.

दुसरा अवगुण हवेतील ओलीचा, आणि पाऊस महिन्या-दीड महिन्यावर आला असल्यामुळे तो विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. ट्रेसिंगच्या कागदाची दोन बोटे रुंद पट्टी कापून तळहातावर ठेवा. काही क्षणांत तिची टोके वर उचलली जातील आणि पट्टी पाळण्यासारखी होईल. हाताला घाम आलेला दिसत नसला तरी तळव्याची ओल कागदाची खालची बाजू पिते आणि फुगते. वरची बाजू कोरडी ती तशीच राहते. म्हणून कागद वाकतो. पाण्याच्या ताटलीत चौकोनी तुकडा तरंगत सोडला तर तो चक्क सुरळी होतो, आणि पाणी वरपर्यंत पोचले की पुन्हा उलगडू लागतो. हा खेळ मुलांना जरूर दाखवावा. त्यातून आणखी एक गोष्ट कळते. यंत्रावर झालेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेने निजलेले असतात, आणि तंतू ओलीने लांबीत फारसा वाढत नाही, रुंदीत वाढतो. म्हणून सुरळीचा कणा ज्या दिशेला, तंतू त्या दिशेला.

आता याचा परिणाम पाहा. कोरड्या दुपारी आपण ५० सेंटिमीटरचा अचूक चौकोन कापला. रात्री पाऊस झाला. कागद तंतूंच्या आडव्या दिशेने शंभरात एक भाग जरी वाढला, तरी एक बाजू अर्ध्या सेंटिमीटरने मोठी झाली. चौकोन चौकोन राहिला नाही, आणि आपण मात्र सकाळी उठून कर्ण जुळत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसतो. नकाशेवाल्यांनाही हीच पीडा होती. म्हणून महत्त्वाचे नकाशे ते पूर्वी खळ दिलेल्या ट्रेसिंगच्या कापडावर आणि पुढे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर काढू लागले. आता बहुतेक नकाशे संगणकावरच होतात, त्यामुळे हा कागद पूर्वीसारखा कोपऱ्यावरच्या प्रत्येक दुकानात मिळत नाही.

तेव्हा पावसाळ्यात चौकोन कापावा आणि त्याच बैठकीत मुख्य घड्या उरकाव्यात. काम अर्धवट राहिले तर आकृती दोन पुठ्ठ्यांत दाबून, झाकणाच्या डब्यात ठेवावी. ताव नळीत गुंडाळून ठेवावेत. दुमडून ठेवणारा मनुष्य नको असलेल्या चार घड्या आधीच घालून बसतो. आणि बाजारात मागताना जपून मागावे. चित्रकलेच्या दुकानात पातळ ट्रेसिंगला ‘बटर पेपर’ म्हणतात, वाण्याकडेही ‘बटर पेपर’ मिळतो. पण तो चपाती गुंडाळावयाचा, निराळा. आम्ही एकदा तो अर्धा गठ्ठा घरी आणला होता. घरच्यांची सोय झाली.

हा कागद कोठे वापरू नये, तेही सांगितले पाहिजे. योशिझावांनी जाड कागद किंचित ओला करून, मातीसारखा वळवून, वाळवून घट्ट करण्याची रीत काढली. त्या रीतीचा हत्ती फार सुंदर होतो. ती येथे चालणार नाही. ओल्या हाताने ट्रेसिंगच्या कागदाला सुरकुत्या पडतात त्या जात नाहीत. प्रदर्शनात वर्षानुवर्षे ठेवावयाचा भुंगा असेल तर जाणते लोक दोन पातळ तलम कागद खळीने एकमेकांवर चिकटवून, वाळवून, त्याचा चौकोन कापतात. काही जण मध्ये धातूचा वर्ख घालतात. तो खटाटोप अंतिम आकृतीसाठी योग्यच आहे. पण तो महागाचा कागद हाती घेण्यापूर्वी तीच आकृती दोनदा ट्रेसिंगच्या कागदात करावी, असा आमचा आग्रह आहे. पहिल्या वेळी चुका दिसतात आणि दुसऱ्या वेळी त्या कोठे टळल्या ते दिसते.

व्याख्यान संपल्यावर एका वृद्ध गृहस्थांनी टेबलावरचा भुंगा पाहून विचारले, ‘हा पुढच्या दिवाळीपर्यंत टिकेल काय?’ त्यांना खरे उत्तर दिले ते येथेही देतो. गेल्या वर्षीचा भुंगा जूनच्या पहिल्या आठवड्यात मिशा पसरू लागला आणि आषाढात त्याचे सहाही पाय सुटले. आम्ही तो फेकला नाही. सगळ्या घड्या उलगडून ताव सपाट केला आणि खिडकीच्या काचेला लावला. त्यावर आता तीन संध्याकाळांची सारी हकीकत पांढऱ्या रेघांत लिहिलेली आहे. कडेवर जेथे रेघा पंख्यासारख्या मिळतात ते मधले पाय. कोपऱ्यांत आहेत त्या मिशा आणि मागचे पाय. आतला कोणताही बिंदू घ्यावा. तेथे मिळणाऱ्या रेघांपैकी डोंगरासारख्या वर आलेल्या आणि दरीसारख्या खाली गेलेल्या मोजाव्यात. आकृती सपाट मिटणारी असेल तर दोहोंतील फरक नेमका दोन येतो. जपानमधील जुन माएकावा यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. फक्त मोजताना चाचपडत घातलेल्या जादा रेघा वगळाव्या लागतात. आमच्या तावावर त्या डाव्या बाजूच्या मधल्या पायापाशी पुष्कळ आहेत, आणि तेथेच एक भोकही आहे.